कोरगुटाचं बी मागायला येणाऱ्या शास्त्रज्ञांना खुलं पत्र

सन्माननीय शास्त्रज्ञ मंडळी, आणि त्यांचे प्रोजेक्ट मंजूर करणारे दिल्लीतले साहेब लोक,

नमस्कार.

गेल्या आठवड्यात बाबांना एक फोन आला. बाबा चहा पीत होते, मी समोरच होते. पलीकडचा मुलगा हिंदीत बोलत होता, गोव्याबाहेरच्या कुठल्याशा लॅबमधून, नवीन प्रोजेक्ट सुरू झालाय, खाऱ्या जमिनीत तगणारं भात, तुमच्याकडच्या जुन्या कोरगुट भाताचं दोन किलो बी हवंय, शुद्ध हवं, भेसळ नको, कुरिअरचा खर्च आम्ही देऊ, आणि जरा लवकर पाठवा काका. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मागच्या वेळी नेलं होतं त्याचं काय झालं? पलीकडे शांत. मग तो म्हणाला, ते दुसरे असतील, आम्ही वेगळे. बाबा 'बरं' म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मी 'बघते' म्हणून ठेवून दिला. ते बघते म्हणजे हे पत्र.

आम्ही पेडणे तालुक्यातले. शापोरा नदीच्या काठाला आमचं खाजन आहे, आजोबांपासून कूळ म्हणून कसतोय. गोव्यातल्या माणसाला खाजन म्हणजे काय ते सांगायची गरज नाही पण तुम्ही लांबचे म्हणून सांगते. भरतीला नदीचं पाणी खारं होतं आणि आमची जमीन त्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला एक मानस असते, लाकडी दारांची, भरती आली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. ना मोटर ना वीज. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय धरते, जूनचा पाऊस ती धुऊन नेतो, आणि मग सरदीचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं भात. त्या जमिनीत जया, ज्योती या सुधारित जाती नाही तगत. कोरगुट तगतो. आसगो, दामगो, शिडी ही बाकीची नावं आता म्हाताऱ्यांच्या तोंडातच राहिलीत, कोरगुट तेवढा शेतात आहे. लाल तांदूळ, उकडा केला की पेज अशी लागते की वर नुसतं आंब्याचं लोणचं पुरे. असो, पेजेवर लिहायला बसले तर पत्र बाजूलाच राहील.

दुसरी गोष्ट, मी तुमच्यातलीच आहे. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केली आणि गोव्याबाहेरच्या एका लॅबमध्ये तीन वर्षं प्रोजेक्ट फेलो होते, भातात जीन घालायचं आणि कापायचं काम केलं. तेव्हा 'जीएम', म्हणजे बाहेरचा जीन घातलेलं पीक, म्हटलं की अंगावर काटा येणाऱ्यातली मी नाही हे आधीच सांगते, नाहीतर अर्धं पत्र वाचून मला त्या कप्प्यात टाकाल. क्रिस्पर ही जीन कापायची पद्धत मला अजूनही कमाल वाटते, २०१२ साली शार्पेंतिए आणि डाउडना या दोघींनी दाखवून दिलं की बॅक्टेरियाकडची ही कात्री हव्या त्या जागी डीएनए कापू शकते, २०२० ला नोबेल मिळालं, आणि आज कुठलीही बरी लॅब भाताच्या एका जीनमधली चार अक्षरं उडवू शकते आणि शेवटच्या रोपात बाहेरचा एकही जीन शिल्लक राहत नाही. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

माझी तक्रार नावापासून सुरू होते. लॅबला लागल्यावर पहिल्याच वर्षी सरांनी विचारलं, तू गोव्याची ना, कोरगुट मिळेल का? मला केवढा आनंद झाला. चतुर्थीला घरी आले होते तेव्हा बाबांकडून बी घेतलं. बाबांनी बांबूच्या कणगीतून काढून, पाखडून, दोनदा निवडून दिलं, वर म्हणाले हे चांगल्या कोपऱ्यातलं आहे. बियाण्याबरोबर एक फॉर्म भरायचा असतो, पासपोर्ट डेटा म्हणतात, गाव, तालुका, जमीन कसली, बी कोणी दिलं. मी स्वतःच्या हाताने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. दीड वर्षाने डेटाबेसमध्ये काहीतरी शोधताना ती नोंद समोर आली, एक नंबर, आणि देणाऱ्याच्या रकान्यात 'लोकल फार्मर, नॉर्थ गोवा'. मी विचारलं तर उत्तर आलं, फॉरमॅटमध्ये तसंच असतं, सगळ्यांचंच तसं आहे. हो, सगळ्यांचंच तसं आहे, म्हणूनच लिहितेय! ओडिशाच्या शेतातला एक जुना भात, त्याच्यातून सब१ए नावाचा जीन सापडला, तो नेहमीच्या संकरातून, डीएनएवरच्या खुणेने (मार्करने) रोपं ओळखत, स्वर्णा जातीत आणला आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात आला, दोन आठवडे पाण्याखाली बुडूनही पुन्हा उभा राहणारा भात, लाखो शेतकऱ्यांचं भलं झालं, मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण तो मूळचा भात जगाला एफआर १३ए या नंबराने माहीत आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात कलम ३९ आहे, जुनी वाणं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या वाणातला जीन नवीन जातीत वापरला तर मान आणि मोबदला मिळायला हवा असं त्यात लिहिलंय. पहिल्याच फॉर्ममध्ये नाव गाळलं तर दहा वर्षांनी तो मान कुणाला देणार, लोकल फार्मरला?

आता दुसरं. ४ मे २०२५ ला दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जीनोम एडिटेड, म्हणजे त्याच कात्रीने जीन बदललेल्या, भाताच्या दोन जाती जाहीर केल्या, जगात पहिल्या म्हणून. एक हैदराबादच्या संस्थेची डीआरआर धान १००, म्हणजे कमला, सांबा मसुरीतून केलेली. दुसरी दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची, पुसा डीएसटी राईस १, एमटीयू १०१० या जातीतून. ही दुसरी ऐकली आणि मी खुर्चीतून उठलेच. डीएसटी हा जीन बंद केला की पानावरची छिद्रं कमी होतात, जी असतात ती जास्त मिटलेली राहतात, पाणी कमी उडतं, रोप दुष्काळ आणि मीठ दोन्ही सोसतं. सांगितलेले आकडे असे की आतल्या भागातल्या खाऱ्या जमिनीत ९.६६ टक्के जास्त पीक आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनीत ३०.३६ टक्के. या आकड्यांवर पुढे वाद झाले, आक्षेप आले, संस्थेने फेटाळले, त्यात मी शिरत नाही. मला त्या दिवशी किनारा हा एकच शब्द दिसला. मग कुठल्या राज्यांसाठी आहे ती यादी वाचली. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी, केरळ, छत्तीसगड, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल. दोनदा वाचली. वरून महाराष्ट्र आला, खालून कर्नाटक आला, मधला गोवा कुठेच नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, एवढ्या लहान नकाशावर बोट ठेवलं की आपण बोटाखालीच जाणार. मला हसू आलं नाही.

तुम्ही म्हणाल झोनप्रमाणे ट्रायल असतात, गोव्यात भाताचं क्षेत्र ते केवढं. मान्य. पण मीठ सोसणारा भात ट्राय करायचा तर जिथे पिढ्यानपिढ्या मिठातच भात होतो ती जागा सोडून कशी चालेल? आम्ही लॅबमध्ये मिठाची टेस्ट कशी करायचो ते तुम्हाला माहीत आहे, वाचकांसाठी सांगते. ट्रेमध्ये पोषक द्रव, त्यात साधं मीठ घालून इसी, म्हणजे खारेपणाचा आकडा, १२ पर्यंत न्यायची, दोन आठवड्यांची रोपं त्यात तरंगत ठेवायची आणि १ ते ९ मार्क द्यायचे, १ म्हणजे टवटवीत, ९ म्हणजे मेलं. बाजूला आयआर २९ हा मीठ न सोसणारा भात ठेवायचा, तो मरतोच, तो मेला म्हणजे टेस्ट बरोबर. कोरगुट त्या ट्रेमध्ये उभा राहिला होता आणि मी येड्यासारखी सगळ्यांना बोलावून दाखवत होते. पण खाजनातलं मीठ ट्रेसारखं एका आकड्यावर बसून राहत नाही. पाऊस आठ दिवस थांबला की खालून वर चढतं, बांधाला कुर्ल्यांनी पोखरलं की एका कोपऱ्यातून आत येतं, रोप लावताना एक असतं आणि फुलोऱ्याला दुसरंच, वर पाणी साचलेलं ते वेगळं. ट्रेमध्ये पास झालेलं बी खाजनात नापास होऊ शकतं आणि उलटही. हे शेतातच कळतं.

तिसरी गोष्ट सांगताना थोडा त्रास होतो. आपण सगळे सोप्या भातावर काम करतो. जपानी निप्पोनबारे घ्या, त्याच्या बियांपासून कॅलस, म्हणजे ज्यातून पुढे रोप उगवतं तो पेशींचा गोळा, मस्त पिवळा, दाणेदार येतो, जीन आत नेणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू लावा, हायग्रोमायसिन या अँटिबायोटिकवर निवडा, काही महिन्यांत रोपं तयार, पेपर तयार. कोरगुटाचा कॅलस तपकिरी पडतो, मरतो, रोप देत नाही, आपल्या बऱ्याच देशी भातांचं तसंच आहे. मी दोन वर्षं कॅलस वाढवायचं खाद्य, म्हणजे मीडिया, बदलत होते, साखर बदल, हॉर्मोनचं प्रमाण बदल, अंधारात ठेव, उजेडात ठेव. सर म्हणायचे सोड, वेळ जातोय. मी नाही सोडलं. शेवटी चार रोपं मिळाली. चारच. एडिट झालेली, पीसीआर ही डीएनएची तपासणी करून आणि सिक्वेन्स वाचून खात्री केलेली, कोरगुटाची. मी कुंडीत लावून रोज सकाळी आधी त्यांच्याकडे जायचे, मग चहा.

तेवढ्यात प्रोजेक्ट संपला. मुदतवाढ मागितली होती ती आली नाही. त्याआधीचे सात महिने फेलोशिपही आली नव्हती, भाडं घरून मागवत होते, कोरगुट विकून आलेल्या पैशातून, हा विनोद फक्त मलाच कळत होता. ग्रीनहाऊस दुसऱ्या प्रोजेक्टला द्यायचं ठरलं. प्रोजेक्ट नाही तर परवानगी नाही, परवानगी नाही तर रोपं ठेवता येत नाहीत आणि बाहेर तर अजिबात नेता येत नाहीत. नियम बरोबर आहे, तो मी मोडला नाही. चारही रोपं मी स्वतः कापून पिशवीत भरली आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने सगळं मारणाऱ्या मोठ्या कुकरमध्ये, ठेवली. १२१ डिग्री. बाहेर आल्यावर उकड्या भातासारखा वास येत होता. त्यांना बी धरायला अजून महिना-सव्वा महिना होता फक्त. कुठल्याही दुसऱ्या लॅबने 'आमच्याकडे द्या' म्हटलं असतं, कुणी एक पत्र लिहिलं असतं तर वाचली असती. २०२३-२४ च्या केंद्रीय बजेटमध्ये पिकांच्या जीनोम एडिटिंगला ५०० कोटी रुपये ठेवले असं जाहीर झालं होतं. मी ती बातमी वाचते आणि माझ्या चार कुंड्या आठवतात.

आणि ती रोपं जगली असती तरी पुढचा एक प्रश्न होताच, तो मला घरी आल्यावर कळला. आम्ही कापत होतो तो एसडी१ जीन. हाच तो बुटकेपणाचा जीन, आयआर ८ आणि जया या हरितक्रांतीच्या भातांमध्ये तो मुळातच बिघडलेला असतो म्हणून ते आखूड राहतात आणि खत घातलं तरी पडत नाहीत. कोरगुट उंच, वारा-पावसाने आडवा होतो, मग कापणीला हाल, म्हणून आमच्या ग्रुपने ठरवलं बुटका करायचा, पेपरात छान दिसतं. बाबांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं तर ते म्हणाले, किती बुटका? मी हाताने दाखवलं. म्हणाले, आणि ऑगस्टमध्ये मानशीच्या दारात ओंडका अडकून दोन दिवस मांडीएवढं पाणी साचतं तेव्हा हा तुझा भात कुठे असणार? शिवाय गुरांना पेंढा कुठला? चार बोटं आखूड कर, हातभर नको. तीन वर्षांत आमच्या एकाही मीटिंगमध्ये हा प्रश्न आला नव्हता, आणि त्या मीटिंगमध्ये मी स्वतः बसलेली होते हे विशेष. त्यामुळे हा दोष तुमच्यावर ढकलत नाही, आपला आहे.

विचारायचंच कशाला, अशी आता हवा आहे. बीटी वांग्याच्या, म्हणजे किडीविरुद्ध बाहेरचा जीन घातलेल्या वांग्याच्या, वेळी निदान सात शहरांत लोकांना बोलावून ऐकलं होतं, मग ९ फेब्रुवारी २०१० ला ते थांबवलं. त्या सात शहरांतही गोवा नव्हता, आगशीचं वांगं लावणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही, पण नागपूरला-बंगळूरला कुणाला तरी विचारलं. ३० मार्च २०२२ ला पर्यावरण मंत्रालयाने, बाहेरचा जीन न राहणाऱ्या एडिटिंगला १९८९ च्या जीएम नियमांतल्या मोठ्या भागातून सूट दिली. शास्त्र म्हणून मला ती सूट पटते, नुसती चार अक्षरं उडालेली असतील तर त्याला बीटीसारखं वागवायचं कारण नाही. पण सूट बायोसेफ्टीच्या कागदांतून मिळाली, शेतकऱ्याशी बोलण्यातून कोणी दिली? जीएम मोहरीच्या केसमध्ये जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तरी सगळ्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण करा यावर दोघांचं झालं. म्हणजे बोला असं कोर्टही म्हणतंय.

बांधाचं एकच सांगते. आमच्या खाजनाच्या बांधाला दोन वर्षांपूर्वी खिंडार पडलं, कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था, म्हणाली कुळांचं काम, कुळांची संघटना म्हणाली पैसे नाहीत, अर्ज इकडून तिकडे फिरला आणि तोपर्यंत नदी आत येऊन बसली. त्या तुकड्यात आता कोरगुटही होत नाही, कांदळ उगवलंय. कसलाही जीन घाला, बांध फुटल्यावर भात नाही. तेव्हा 'मीठ सोसणारा भात आला, आता चिंता मिटली' असं रिपोर्टात लिहून देऊ नका, कारण ते वाक्य दाखवून बांधाची फाईल बंद करणारे लोक आहेत. जे चांगलं झालंय तेही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती रडते. जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या, किनारी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ काढले, कुठलाही जीन न कापता, नुसती रोपं निवडून निवडून. म्हणजे इथे राहून, इथल्या बियाण्यावर काम होऊ शकतं.

मग आता मागण्या. साध्या आहेत, एकालाही ५०० कोटी लागत नाहीत.

बी न्याल तर देणाऱ्याचं नाव आणि गाव फॉर्मवर, पाकिटावर, डेटाबेसमध्ये आणि पेपरच्या शेवटी जिथे कंपन्यांचे आणि केमिकलचे आभार मानता तिथे राहिलं पाहिजे, बाबांसारख्याला नको असेल तर तो सांगेल नको म्हणून, तुम्ही परस्पर गाळू नका. जे कळलं ते परत येऊन सांगा, मराठीत किंवा कोंकणीत, देवळाच्या मंडपात बसून, काही सापडलं नाही तर तेही सांगा, आम्हाला राग येत नाही, दरवर्षी पाऊस कुठे आमच्या मनासारखा पडतो.

मिठासाठी म्हणून केलेली प्रत्येक भाताची जात बाहेर पडण्याआधी निदान दोन सरदीचे हंगाम गोव्याच्या खऱ्या खाजनात लावा, कुळाच्या शेतात, कोरगुट बाजूला ठेवून, आणि पीक गेलं तर भरपाई किती ते आधी लिहून द्या. पुसा डीएसटीपासूनच सुरुवात करा, यादीत नाव घालायला कुणी अडवलंय?

देशी भातांचा कॅलस जगवायची पद्धत बसवायला वेगळा, लांब मुदतीचा पैसा द्या, त्यातून पेपर कमी येतील हे धरूनच द्या. प्रोजेक्ट संपला तर जिवंत रोपं कुठल्या लॅबकडे जाणार ते मंजुरीच्या वेळीच ठरवा. आणि फेलोशिप दर महिन्याला द्या, सात महिन्यांनी नको.

कुठला गुण बदलायचा हे ठरवताना टेबलावर एक तरी खाजनवाला बसवा, आणि त्याला गाडीभाडं द्या.

आणि कोरगुटातून काही एडिट करून निघालं तर ते बी आम्ही राखून ठेवू, शेजाऱ्याला देऊ, सोयरिकीत देऊ, त्यावर कुणी पेटंट दाखवत येणार नाही असं लेखी पाहिजे. कात्रीची पेटंटं परदेशातल्या संस्थांकडे आहेत, त्याचा हिशोब तुम्ही त्यांच्याशी करा, आमच्या कणगीपर्यंत आणू नका.

फोन केलेल्या त्या मुलासाठी: तुझा राग नाही रे, मीही तुझ्याच जागी होते, आणि बाबांना 'काका' म्हणालास ते त्यांना आवडलं. बी आहे. दोन किलो देता येईल. पण कुरिअरने नाही पाठवणार. तू ये, तुझ्या सरांना घेऊन ये, मे संपायच्या आत, म्हणजे कोरडं खाजन आणि फुटलेला बांध दोन्ही बघता येईल. फॉर्म कोरा आण, इथे बसून भरू, आणि भरलेल्या फॉर्मची एक झेरॉक्स बाबांकडे राहील.

कळावे,
खाजनातल्या एका कुळाची मुलगी,
पेडणे, गोवा